लोकरीत गाठ नसते

बाबा,

आज दुपारी सून आतल्या खोलीत झोपली आहे, मुलगा कामावर गेला आहे आणि मी जेवणाच्या टेबलावर आलेखाची वही उघडून बसले आहे. वहीच्या पुढच्या पानांवर विणकामाचे नमुने काढलेले आहेत, एक चौकोन म्हणजे एक टाका. मागची पानं कोरी होती, त्यांवर तुला लिहिते आहे. कॉलेजात गेल्यावर मी तुला अहोजाहो करायला लागले होते. तुला ते कधी आवडलं नाही. "मी काय तुजा सायेब हाय?" असं म्हणून तू तोंड फिरवायचास. म्हणून आज लिहिताना तू. तुला जाऊन तीस वर्षं होत आली, तेव्हा हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं हा प्रश्न नाही. पण एक गोष्ट विचारायची आहे आणि ती विचारण्यासारखं दुसरं माणूस मला आठवत नाही. बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी काही करायचं नाही, हे तू खरंच मानायचास का? की नुसतं म्हणायचास?

सुनेचा आठवा महिना सरत आला आहे. दोन वर्षांपूर्वीचं तिचं बाळ सहाव्या महिन्यात गेलं. या खेपेला डॉक्टरांनी तिला जास्त चढउतार करू नका म्हणून सांगितलं आहे. तिचं माहेर अंबरनाथला शिवमंदिराजवळ आहे, पण तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. म्हणून ती इथेच आहे, माझ्यापाशी, बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या आमच्या तळमजल्याच्या घरात. दिवसभर आम्ही दोघीच असतो. ती घरूनच ऑफिसचं काम करते, मी घरातलं बघते. बाळाबद्दल आम्ही फार बोलत नाही. पाळणा आणलेला नाही, झबलं शिवलेलं नाही. सगळं ठीक चाललं आहे असं प्रत्येक तपासणीत सांगतात आणि आम्ही मान हलवून घरी येतो.

मला लहानपणीच्या एका वर्षाकडे जावं लागेल, त्याशिवाय हे सांगता येणार नाही. मी सातवीत होते. आपण विठ्ठलवाडीच्या चाळीत राहायचो, तू अंबरनाथच्या कारखान्यात फिटर होतास आणि आईला दिवस गेले होते. आईचा हात शिवणात चांगला होता. ती तिच्या जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवत होती, एकावर एक घडी करून ट्रंकेत. मला ती मोजायला सांगायची. बाळंतपणात आई गेली, बाळही गेलं. ट्रंक बंद होती. तू ती उघडली नाहीस, मीही नाही. आणि त्याच वर्षी आमच्या शाळेत हस्तकलेच्या बाईंनी सातवीच्या सगळ्या मुलींना दिवाळीनंतर आणायला सांगितलं: तान्ह्या बाळाचे लोकरीचे मोजे, एक जोडी, घरी विणून.

मी तुला चार दिवस सांगितलंच नाही. पाचव्या दिवशी शेजारच्या सिंधी अम्मांनी सांगितलं, कारण मी त्यांच्याकडे सुया मागायला गेले होते. अम्मा घरी बसून स्वेटरच्या ऑर्डरी करायच्या, आणि त्यांच्या दारात नेहमी लोकरीचे तंतू उडत असायचे. तू कामावरून आलास, हातपाय धुतलेस आणि तसाच त्यांच्या दारात जाऊन उकिडवा बसलास. मला आत्ताही ते दिसतं. फिटरच्या हातांची काळी नखं, मांडीवर पिवळी लोकर आणि समोर अम्मा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी दहा टाके घालून दाखवले. तू बघितलंस आणि म्हणालास, "यो बी जालाच हाय." अम्मांना कळलं नाही. मी भाषांतर केलं, हे म्हणतात, हेही जाळंच आहे. अम्मा हसल्या. "हाँ, जाल ही है. पर इसमें मछली नहीं, बच्चे का पैर फँसाना है."

गावी, बदलापूरच्या पलीकडे नदीकाठी, तू रविवारी पाग विणायचास. ते पाण्यावर गोल फेकायचं जाळं होतं. बांबूची चपटी सुई, तिच्या पोटात गुंडाळलेला दोरा, आणि प्रत्येक भोक सारखं यावं म्हणून एक पट्टी. भोकाला तू घर म्हणायचास. प्रत्येक घराला एक गाठ. एक घर फाटलं तरी शेजारचं शाबूत राहतं, ते त्या गाठीमुळे. लहानपणापासून तुझे हात एवढंच जाणत होते. म्हणून तू काय केलंस, तर अम्मांकडून टाके शिकून घेतलेस, घरी आलास, लोकरीचा गुंडा सोडून सगळी लोकर त्या बांबूच्या सुईवर गुंडाळलीस, आणि मोजा विणताना दर चार टाक्यांनी ती सुई फासातून ओढून एक गाठ मारलीस. मला शिकवलंस तेही तसंच. एक मोजा तू विणलास, एक मी. कुठला कोणाचा ते ओळखू येत नव्हतं. मला अभिमान वाटला होता.

हस्तकलेच्या बाईंनी मोजा हातात घेतला, उलटा केला आणि दोन बोटांवर चढवून वर्गाला दाखवला. "ह्या बघा गाठी! अगं, मोजे विणलेस की मासे पकडायला निघालीस?" वर्ग हसला. आम्ही कोण, कुठले, आमची माणसं काय करतात हे वर्गाला ठाऊक होतं, म्हणून जास्तच हसला. "लोकरीत गाठ नसते. कोणी शिकवलं तुला हे?" मी म्हणाले, शेजारच्या अम्मांनी. बिचाऱ्या अम्मा, सबंध उल्हासनगरात त्यांच्यासारखी वीण कोणाची नसेल.

घरी येऊन मी तुला जे बोलले ते शब्द आठवतात, पण लिहीत नाही. बारा वर्षांच्या मुलीनं बापाला बोलायचे ते शब्द नव्हते. तू ऐकून घेतलंस. मग फक्त एवढं म्हणालास, "गाठ नाय मारली त एक सुटला का सगला सुटंल गो बाय." मी म्हणाले, सुटत नाही. विणणारा नीट विणत असेल तर सुटत नाही. मला विणकामातलं काही कळत नव्हतं, पण आवाज मात्र तेव्हाही असाच होता. दुसऱ्या दिवशी तू परत अम्मांच्या दारात जाऊन बसलास. "भाऊ, ऊन को ऊन ही पकड़ता है," अम्मा तुला समजावत होत्या, "तुम बीच में मत पड़ो." आणि माझ्याकडे बघून, "तेरा बाप है ना पुट, भरोसा नहीं करता किसी पे."

हळूहळू तू गाठीशिवाय विणायला लागलास. माझा कॉलेजचा निळा स्वेटर, तुझा मफलर, अम्मांच्या नातवाची टोपी, कशातही गाठ नव्हती. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत विणत बसायचास, तेव्हा लोक चिडवायचे. "काय रं, बाईल जालास काय?" असं कोणीतरी म्हणालं तर तू त्याला तिथेच विचारलंस, "तुज्या बापानं जाला विनला तवा तो बाईल व्हता?" हे तू मला हसत हसत सांगितलं होतंस. आणि तुझ्याकडून मी शिकले ते खरं शिकणं. मोज्याची टाच कशी वळवायची, निम्मे टाके बाजूला ठेवून मधल्यामध्ये पुढेमागे कसं विणायचं, जाळीची वीण. सुईवर नुसता एक वेढा घ्यायचा की भोक पडतं, आणि शेजारचे दोन टाके एकत्र विणायचे म्हणजे संख्या तेवढीच राहते. पुढे मी गणिताची शिक्षिका झाले, त्याचं श्रेय लोक शाळेला देतात. मी वजाबाकी आणि बेरीज एकाच ओळीत पहिल्यांदा पाहिली ती तुझ्या सुईवर.

मग माझं लग्न झालं, मला दिवस गेले. तेव्हा मी सहज तुला म्हणाले, बाळाला काहीतरी विणा ना. तू मान हलवलीस. "बाल येऊ दे. मंग." मी हसले. मी बी. एस्सी. होते, नोकरी करत होते, मी म्हणाले, बाबा, लोकर आधी आणली म्हणून बाळाला कळतं का? तू उठून नळावर पाणी भरायला गेलास. आईची ट्रंक तेव्हा मला आठवली नाही. खरंच आठवली नाही. माणसाला स्वतःच्या पोटात बाळ असताना दुसऱ्याचं आठवत नाही, हे कारण असेल, पण सबब नाही.

बारशाला तू दुपटं घेऊन आलास. तीन आठवड्यांत विणलेलं, पांढरं, मधे जाळी. सासरची सगळी मंडळी बसली होती. मी ते हातात घेतलं, अंगठा फिरवला आणि थांबले. प्रत्येक भोकाला गाठ होती. इतक्या वर्षांनी, गाठी. "बाबा, हे काय! ह्या गाठी बाळाला टोचतील. परत घेऊन जा." मी वर्गात वही परत देते त्याच आवाजात बोलले. तू म्हणालास, "टोचंल काय?" आणि स्वतःच्या गालाला लावून बघितलंस, दाढीच्या खुंटांना. मग पिशवीत घातलंस. जेवलास, शिरा छान झालाय म्हणालास, बाळाच्या पायाला हात लावलास आणि चारच्या सुमारास निघालास. मी पुन्हा त्याबद्दल विचारलं नाही. तूही काढलं नाहीस.

तू गेल्यावर चाळीतली खोली आवरताना ते मला सापडलं. निम्मं उसवलेलं होतं. गाठींची वीण उसवायची म्हणजे काय हे कोणी केल्याशिवाय कळायचं नाही. ओढून सुटत नाही. एकेका गाठीतून सबंध लोकर मागे काढावी लागते. तू ती शेवटच्या टोकापासून काढत काढत आला होतास, आणि सुटलेली लोकर परत त्या बांबूच्या सुईवर गुंडाळलेली होती, वळ्या पडलेली. माझा मुलगा तोपर्यंत पहिलीत गेला होता. पाच-सहा वर्षं तू त्या गाठी सोडवत होतास. मी त्या खोलीत जमिनीवर बसून राहिले. रडले नाही. मला ते चटकन जमत नाही. झाडू घेतला आणि खोली झाडली.

नोकरीच्या वर्षांत विणणं मागे पडलं. निवृत्त झाल्यावर मी ते पुन्हा हातात घेतलं आणि मग सोडलंच नाही. हे तुला सांगताना मला आनंद होतो, आणि आनंद हा शब्द मी फार वापरत नाही. जाळीच्या शाली करते. विणून होते तेव्हा ती चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसते. कोमट पाण्यात भिजवायची, पिळायची नाही, टॉवेलमध्ये दाबायची आणि गादीवर टाचण्यांनी चारी बाजूंनी ताणून लावायची. मग भोकं उघडतात. पानं, वेली, जे वहीत चौकोनांत होतं ते सगळं एका दुपारीत वर येतं. त्या वेळी मी पंखा बंद करून नुसती बघत बसते. मोजे मला त्याहून आवडतात, कारण मोज्यात नखरा नसतो. चार सुयांवर गोल गोल जायचं, टाच आली की लक्ष द्यायचं, पुन्हा गोल. मुलाला मोजे, सुनेला मोजे, बदलापूरच्या हवेत कोणी घालत नाही ही गोष्ट वेगळी. "आई, मे महिना आहे," मुलगा म्हणतो. मी म्हणते, डिसेंबर येणार आहे.

आणि म्हणून दोन वर्षांपूर्वी, सुनेला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा मी दुसऱ्याच आठवड्यात दुपटं सुरू केलं. मी कुठलंही काम वेळेच्या आधी पुरं करते, तुला माहीत आहे. पाचव्या महिन्यात ते तयार होतं. फिकट हिरवं, जाळीचं, कडेला शंख. धुतलं, ताणलं, सुनेनं त्याचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. सहाव्या महिन्यात जे व्हायचं ते झालं. ती हॉस्पिटलमधून घरी आली त्या दिवशी तिची मावशी भेटायला आली होती, चांगली बाई आहे, सुनेच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "आधी करू नये म्हणतात काही." माझ्याकडे कोणी बघितलं नाही. तेच मला लागलं. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं की दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही. ते खरं आहे. मी आजही फळ्यावर तेच लिहीन. पण त्या दिवशी मी कपाटातून ते दुपटं काढलं, टोक शोधलं आणि ओढलं. माझ्या विणीत गाठी नाहीत. चार महिन्यांचं काम एका दुपारीत संपलं, चहा गार व्हायच्या आत निम्मं. सुया मी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकल्या.

या खेपेला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी काही बोलले नाही. सुया काढल्या नाहीत. माळा आवरला, भांड्यांची बुडं घासली, पडदे धुतले. दुपारी पेपरातलं सुडोकू सोडवायचे. सून बघत होती हे मला कळत नव्हतं असं नाही. सातव्या महिन्यात एका दुपारी ती लॅपटॉप मिटून माझ्यासमोर येऊन बसली.

"आई, तुमच्या सुया कुठायत?"

"ठेवल्यात."

"का पण?"

"डोळे दुखतात."

"डोळे दुखतात आणि सुडोकू सोडवता? तेही पेनानं?"

ती टेबलावरचे शेंगदाणे एकेक करून वेगळे करत राहिली. मग म्हणाली, "खरं सांगू? मला त्या जुन्या दुपट्यानं काही वाटत नाही. पण तुम्ही विणत नाही ना, ते बघून मला फार टेन्शन येतं. तुम्ही कधीच कशाला घाबरत नाही. आणि आता घरात सगळे श्वास धरून बसल्यासारखं वाटतं. मीच एकटी श्वास घेते."

"मावशी काय म्हणेल?"

"मावशी अंबरनाथला आहे."

"फोटो मागितला तर?"

"नाही देणार. आई, विणा ना. माझ्यासमोर बसून विणा. मला तो आवाज ऐकायचाय, टिकटिक."

सुयांचा आवाज होतो हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी उल्हासनगरला गेले. लोकरीच्या दुकानाचा मालक माझा जुना विद्यार्थी आहे. डोक्यावर केस राहिले नाहीत, पण मी आत शिरले की अजून गल्ल्यामागून उठून उभा राहतो. मी बाळाची मऊ लोकर मागितली, पिवळी. "टीचर! गुड न्यूज है क्या?" मी म्हणाले, शाल करायची आहे. त्यानं गठ्ठ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "टीचर, बेबी वूलची शाल? किसके लिए, गुड़िया के लिए?" मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो गप्प झाला, लोकर कागदात बांधली आणि पिशवी हातात देताना हळूच म्हणाला, "अच्छा. शाल अच्छी बनेगी, टीचर. मैं किसी को नहीं बोलूँगा." नववीत असताना हा मुलगा एकदाही वेळेवर गप्प बसला नव्हता.

तर आता विणते आहे. सुनेच्या समोर, हॉलमध्ये, खिडकीपाशी. नमुना मी स्वतः काढला, मधे जाळीची घरं आणि त्यांत फुलं, एका रांगेत नऊ फुलं. अशा चौदा रांगा झाल्या की दुपटं पुरं. ती मिटिंगमध्ये बोलता बोलता अधूनमधून कॅमेऱ्यावर बोट ठेवते आणि हात पुढे करून वीण चाचपून बघते. कधी बाळ लाथ मारतं तेव्हा माझा हात ओढून पोटावर ठेवते, सुया हातात असताना. मी ओरडते, टाका सुटेल. ती म्हणते, सुटू दे. परवा तिनं विचारलं, तुम्हाला कोणी शिकवलं हे? मी म्हणाले, माझ्या वडिलांनी. तिनं लॅपटॉपचा आवाज बंद केला आणि मग मी तिला अम्मांचं दार, बांबूची सुई, कारखान्यातली चिडवाचिडवी, सगळं सांगितलं. गाठींचंही. बारशाचंही. "मग त्या दुपट्यातच का मारल्या त्यांनी गाठी?" तिनं विचारलं. मी म्हणाले, विसरले असतील. तिला ते पटलं नाही हे मला दिसलं. मलाही पटलं नव्हतं. बाबा, तू विसरला नव्हतास. तुझ्या हातात लोकर आली आणि तुला वाटलं असेल की या वेळी तरी काही सुटता कामा नये. मी अंगठ्यानं गाठी तपासल्या, बाकी काही तपासलं नाही. याबद्दल तुझी माफी मागायला मला पस्तीस वर्षं लागली, हे माझ्या नेहमीच्या वक्तशीरपणाला शोभणारं नाही.

पण माझा पहिला प्रश्न तसाच आहे. बाळ येऊ दे, मंग, असं तू म्हणालास तेव्हा तुला नक्की काय वाटत होतं? आईनं दुपटी आधी शिवली म्हणून ती गेली, असं तू खरंच धरून बसला होतास? इतकी वर्षं, एकटा? तसं असेल तर मी तेव्हा तुझ्याशी वाद घालायला हवा होता, हसायला नको होतं. आणि तसं नसेल, तुला माझ्याइतकंच माहीत असेल की त्याचा काही संबंध नसतो, तरीही तू हात आवरलेस, तर मग ते मला आज कळतं. इतकं नीट कळतं की ते मला आवडत नाही.

हे पत्र वहीतच राहील. सून ही वही उघडते, पण पुढची पानं बघते, फुलं मोजायला. काल दुपारी ती झोपून उठली, कंबरेवर हात ठेवून हॉलमध्ये आली आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं दुपटं तिनं हातात घेतलं.

"आई, सकाळी अकरा रांगा होत्या. आता नऊच आहेत."

"मोजत असतेस का?"

"मला दुसरं काम काय आहे?"

"चूक झाली होती. उसवलं."

तिनं वीण उजेडात धरली. "मोठी होती?"

"दोन रांगांएवढी."

ती हसली, चहा टाका म्हणाली, आणि पाय वर घेऊन बसली. बाळाला यायला अजून पाच आठवडे आहेत. माझ्या हाताच्या वेगानं उरलेलं दुपटं आठ दिवसांत पुरं झालं असतं.

चूक झाली नव्हती, बाबा. परवा उसवलं तेव्हाही झाली नव्हती.